लालपेनची सही

त्याला कारखान्यात सगळे लालपेन म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण जेवणाच्या सुट्टीत तीन टेबलं पलीकडून "गप्प बसा रे, लालपेन आला" असं हमखास ऐकू यायचं, आणि चष्मा जाड असला तरी माणसाचे कान शाबूत होते. त्याला राग येत नसे. नाव काही खोटं नव्हतं. शर्टाच्या खिशाला कायम एक लाल पेन, आणि ते पेन गळकं. त्याच्या प्रत्येक शर्टावर डाव्या बाजूला एक लाल डाग होता. बायको म्हणायची, "अहो, तुम्हाला रस्त्यात बघून लोक एक दिवस अँब्युलन्स बोलावतील."

कारखाना अवजड लोखंडकामाचा. गोदामात माल वाहून नेणारे पट्टे, त्यांचे सांगाडे, त्यावर चढायचे फलाट. यातलं काहीही बनवायचं तर आधी त्याचं ड्रॉइंग निघतं. आता तुम्ही म्हणाल, असेल, आम्हाला काय करायचंय? पण या ड्रॉइंगच्या खाली उजव्या कोपऱ्यात तीन छोट्या चौकटी असतात आणि आपल्या माणसाचा सगळा जन्म त्यातल्या मधल्या चौकटीत गेला, म्हणून सांगायचं. पहिली चौकट 'काढले', दुसरी 'तपासले', तिसरी 'मंजूर'. पहिलीत ड्रॉइंग काढणाऱ्याची सही, तिसरीत साहेबांची. मधल्या चौकटीत गेली चौदा वर्षं लालपेनची दोन आद्याक्षरं आणि तारीख.

त्या आधी तोही ड्रॉइंग काढायचा. मग एकदा काय अवदसा आठवली कोण जाणे, त्याने एका वरिष्ठाच्या ड्रॉइंगमधली चूक काढली. चूक अशी होती की तो फलाट उभा राहिला असता आणि पहिल्या ट्रकच्या धक्क्याला बसला असता. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल खिडकीपासून उचलून तपासणीच्या कोपऱ्यात नेलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पण काम तो मन लावून करायचा, हे कबूल करायला हवं. ड्रॉइंग तो उलटं वाचायचा, खालच्या कोपऱ्यापासून वर. म्हणायचा, सरळ वाचलं की डोळे काढणाऱ्याच्याच वाटेने चालतात आणि त्याच्याच खड्ड्यात पडतात. प्रत्येक माप रद्दी कागदावर बेरजा करून बघायचा, बरोबर असेल त्यावर बारीक टिक, चूक असेल तिथे लाल गोल. मग कोपऱ्यात आद्याक्षरं. तिसऱ्या चौकटीत सही करताना मोठे साहेब कागदाकडे बघतसुद्धा नसत. "लालपेनने बघितलंय ना? मग झालं!" म्हणत आणि फोनवर बोलता बोलता सही ठोकत.

या चौदा वर्षांत वरची जागा तीनदा रिकामी झाली. पहिल्या वेळी त्याला वाटलं, आपण अजून लहान आहोत. दुसऱ्या वेळी वाटलं, पुढच्या वेळी नक्की. तिसऱ्या वेळी ज्या पोराला त्याने स्वतः ड्रॉइंग वाचायला शिकवलं होतं, ज्याच्या पहिल्या कागदावर तेवीस लाल गोल काढले होते, तो त्याचा साहेब झाला. तो मुलगा बिचारा चांगला होता. लाजून लाजून अर्धा झाला. पेढ्यांचा विषय निघाला की खाली बघायचा.

लालपेन पहिल्यांदाच मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला. उभ्यानेच विचारलं, "साहेब, माझं काय चुकलं?"

"चुकलं?" साहेब हसले. "अरे, तू कधी चुकत नाहीस हीच तर पंचाईत आहे! तुला वर नेला तर तपासणार कोण? तू या खात्याचा कणा आहेस, कणा!"

लालपेन हरभऱ्याच्या झाडावर चढून बाहेर आला आणि टेबलापर्यंत पोचेपर्यंत खाली उतरला. कणा म्हणजे काय, तर आयुष्यभर वाकायचं ते त्याने, आणि मानाची टोपी चढायची ती दुसऱ्याच्या डोक्यावर.

घरी ही गोष्ट तो सांगणार नव्हता. पण त्याच दिवशी मुलगी शाळेचा फॉर्म भरत बसली होती. दरवर्षी तोच फॉर्म. आईचं काम, वडिलांचं काम, हुद्दा. तिने मान वर न करताच विचारलं, "बाबा, हुद्दा मागच्या वर्षीचाच लिहू ना?"

"हो."

"मला पाठच झालाय. पहिलीत होते तेव्हापासून तोच आहे."

तिच्या मनात काही नव्हतं. पण लालपेनने हातातला घास परत ताटात ठेवला. बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची, दिवसभर लोकांचे चेहरे वाचायची. तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "काय झालं ते आता सांगा. उगाच मूग गिळून बसू नका."

त्याने सांगितलं. 'कणा' हा शब्दही सांगितला, तोही जरा अभिमानाने. बायकोचा पारा असा चढला की आतल्या खोलीत गुडघ्याला शेक देत बसलेली त्याची आई लंगडत बाहेर आली.

"कणा म्हणे! गोड बोलून राबवून घेतायत तुम्हाला. दुसरीकडे बघा."

"या वयात?"

"चव्वेचाळीस म्हणजे काय गोवऱ्या स्मशानात गेल्या का?"

आई मध्ये पडली. "अगं, पण टिकाऊ नोकरी आहे. घराजवळ आहे. साहेब चांगलं बोलतात."

"आई, पोपटाशीसुद्धा सगळे चांगलंच बोलतात," सूनबाई म्हणाली, "पण पिंजऱ्याचं दार कोणी उघडत नाही."

आणि खोटं कशाला बोला, लालपेनला तो पिंजरा सोयीचाही होता. चूक काढणाऱ्याची खुर्ची मोठी सुरक्षित असते. काही बिघडलं तर काढणारा आहे, वर मंजूर करणारा आहे. मधल्याला कोणी धरत नाही. हे त्याला माहीत होतं, म्हणून साहेबांच्या खोलीत जायला त्याला चौदा वर्षं लागली. पण हे त्याने बायकोला सांगितलं नाही.

त्याने अर्ज पाठवले. बायोडेटा चार वेळा लिहिला, चार वेळा तपासला, पाचव्या वेळी पहिलाच बरोबर होता असं ठरवलं. एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं. काचेची खोली, टेबलापलीकडे तिघं, तिघंही त्याच्यापेक्षा लहान. त्यातली बाई बोलायला नम्र होती.

"अठरा वर्षांत तुम्ही तिथे काय केलंत?"

"पहिली चार वर्षं बारीकसारीक ड्रॉइंग काढली. मग तपासली. सहा हजारांच्या वर."

"हो, तपासलीत. पण तुमचं असं काय आहे? तुम्ही बनवलंत काय?"

तिने कुजकेपणाने विचारलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. लालपेनने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की उत्तर नाही. कितीतरी पडायचे फलाट त्याच्यामुळे पडले नव्हते. पण न पडलेला फलाट दाखवणार कसा? तो बाहेर आला, थांब्यावरच्या बाकड्यावर बसला आणि त्याच्या दोन बस समोरून निघून गेल्या. फार वाईट वाटलं त्याला. त्या प्रश्नाने जेवढं लागलं, तेवढं तीन बढत्या हुकल्याने लागलं नव्हतं.

दुसरं बोलावणं आलं ते एका लहानशा कारखान्यातून. पत्र्याची लांब शेड, बारा माणसं, काम एकच: लोखंडी जिने. मालकीणबाई पूर्वी स्वतः वेल्डिंग करायच्या. दोन्ही हातांवर ठिणग्यांचे ठिपके होते आणि बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांनी बायोडेटा उलटा ठेवला आणि त्यावर एक ड्रॉइंग पसरलं.

"बघा."

लालपेनने खालच्या कोपऱ्यापासून वर वाचायला सुरुवात केली. दहा मिनिटं त्याचं बोट कागदावरून वर सरकत गेलं. मग खिशातलं पेन काढून त्याने एक गोल काढला.

"हा बोल्ट बसेल. पण आवळणार कसा? पाना घालायला जागाच नाही."

बाई खो खो हसल्या. मागे वळून ओरडल्या, "मिस्त्री, ऐकलंत का? याच बोल्टला तुम्ही अर्धा दिवस शिव्या घालत होतात!" मग एकदम गंभीर झाल्या. "हे बघा साहेब. इथे इंजिनियर तुम्ही एकटेच. म्हणजे मुख्यही तुम्हीच. तुम्ही काढाल, तुम्ही सही कराल, आणि तुम्ही म्हणाल तसं ही माणसं लोखंड कापतील. तुमच्यानंतर बघणारं कोणी नाही. जमेल?"

लालपेनची पाचावर धारण बसली. तो म्हणाला, "विचार करून सांगतो."

घरी विचार कोणी करू दिला तर ना. बायकोने त्याच संध्याकाळी राजीनामा टाइप केला. त्याने तो नेहमीप्रमाणे खालून वर वाचला, दोन स्वल्पविराम सुधारायला लावले आणि सकाळी मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आला. तासाभराने बोलावणं आलं. खोलीत नवा साहेब झालेला मुलगाही बसला होता, आणि मोठे साहेब तो कागद हातात धरून हसू दाबत होते.

"हा राजीनामा कोणाचा आहे?"

"माझा, साहेब."

"मग खाली सही कुठाय? वर तारीख, मध्ये मजकूर, आणि उजव्या कोपऱ्यात तुझी आद्याक्षरं आणि टिक! अरे बाबा, तू राजीनामा दिला नाहीस. तू फक्त तपासलास!"

मुलगासुद्धा हसला, मग जीभ चावून गप्प झाला. लालपेनचे कान लाल झाले. त्याने कागदाकडे बघितलं. खरंच होतं ते. चौदा वर्षांच्या सवयीने हात आपोआप कोपऱ्यात गेला होता.

साहेबांचा आवाज मऊ झाला. "हा मी घेतलाच नाही असं समज. एक वर्ष थांब. मी बघतो काहीतरी."

एक वर्ष थांब. हे तर तो चौदा वर्षं स्वतःलाच सांगत आला होता. लालपेनने टेबलावरचं साहेबांचंच निळं पेन उचललं आणि राजीनाम्याच्या खाली सही केली. पूर्ण नावाची, आडनावासकट. इतक्या वर्षांत एवढी लांब सही बँकेशिवाय कुठे केली नव्हती, म्हणून शेवटी जराशी वाकडी झाली. मग पेन परत जागेवर ठेवलं.

निरोपाच्या दिवशी कोणीतरी म्हणालंच, "इथे पायऱ्या चढायला मिळाल्या नाहीत, म्हणून गडी पायऱ्या बनवायला चालला!" सगळे हसले. तोही हसला. विनोद चांगला होता.

नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी बाईंनी त्याला दोन वस्तू दिल्या: टेबलाची किल्ली आणि मोजायचा टेप. त्याने किल्लीने खण उघडला, टेप त्यात ठेवला आणि खण बंद केला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पहिलं काम एका दवाखान्याचं. दवाखाना नव्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, आणि बाहेरून चढायला लोखंडी जिना. इमारतीचं ड्रॉइंग आलं होतं. जमिनीपासून वरच्या सज्ज्यापर्यंत उंची तीन हजार सहाशे मिलिमीटर. लालपेनने गणित मांडलं. वीस चढ, म्हणजे वीस वेळा पाय वर उचलायचा, प्रत्येक चढ एकशे ऐंशीचा. वीस चढांना पायऱ्या लागतात एकोणीस, कारण विसावं पाऊल पडतं ते थेट सज्ज्यावर. सुरेख भागाकार, बाकी शून्य. त्याने ड्रॉइंग काढलं, मग स्वतःच काढलेलं स्वतःच तपासलं, खालून वर, टिक टिक करत. मग तिसऱ्या चौकटीपाशी येऊन थांबला तो थांबलाच.

तीन दिवस कागद टेबलावर. रोज सकाळी काढायचा, रोज तपासायचा, रोज सगळं बरोबर निघायचं, आणि सही काही व्हायची नाही. बाहेर माणसं जुन्या पत्र्यांवरचा गंज घासत वेळ काढत होती. मिस्त्री म्हणजे साठीचा माणूस, कमी बोलायचा. तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, घोडं कुठे पेंड खातंय?"

"तपासतोय."

"जागेवर जाऊन मोजून आलात ना?"

"उंची ड्रॉइंगवर आहे की."

मिस्त्री काहीतरी बोलणार होता, पण मुख्य इंजिनियरला दुसऱ्याच आठवड्यात कोण शिकवणार? तो गेला. लालपेनने डोळे मिटल्यासारखे करून 'मंजूर'मध्ये सही केली.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. अठरा वर्षं हा माणूस कागदाशी कागद ताडून बघत आला होता. जागेवर जाऊन मोजणारं खातंच तिथे वेगळं होतं, दुसऱ्या इमारतीत. मोजून आलेला आकडा त्याच्यापर्यंत पोचायचा तो छापील होऊनच. छापलेला आकडा खोटा असू शकतो, इमारतीने ड्रॉइंग वाचलेलंच नसतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात हयात गेली, आणि स्वतःचं मुसळ खणात कुलपात होतं.

दोन आठवड्यांनी जिना तयार झाला. देखणा झाला होता, खरंच. चेनने उचलून जागेवर उभा केला. खालचं टोक बरोबर बसलं. वरचं टोक सज्ज्याजवळ गेलं आणि सज्ज्याच्या खालीच थांबलं. मिस्त्री शिडीवर होता. त्याने फटीत बोटं आडवी घातली. तीन बोटं सहज गेली, वर थोडी जागा उरली.

"साठ मिलिमीटर कमी," तो वरून म्हणाला.

सज्ज्याचा थर ओतताना जाड पडला होता, वर फरशी बसली होती. ड्रॉइंगमध्ये यातलं काही नव्हतं. सगळी माणसं लालपेनकडे बघायला लागली. आणि लालपेनने काय करावं? सवयीने मागे वळून बघितलं. मागे जुनी सायकल टेकवलेली एक भिंत होती, बाकी कोणी नव्हतं.

इमारतीचा सुपरवायझर धावत आला. कागद दाखवला की त्याचीच चूक निघणार हे त्याला कळत होतं, म्हणून तो फार गोड बोलत होता. "जाऊ द्या हो साहेब! तळाशी साठची पट्टी घाला आणि द्या उचलून. पहिली पायरी जरा उंच होईल, एवढंच. कोणाच्या बापाला कळणार आहे?"

तशी वाट सोपी होती. आणि दुसरीही एक होती: ड्रॉइंग पुढे करायचं आणि म्हणायचं, आमचं बरोबर आहे, तुमची इमारत चुकली. कागदावर तो शंभर टक्के सुटत होता. पूर्वीच्या टेबलावर बसून हेच प्रकरण समोर आलं असतं तर तो हेच म्हणाला असता.

त्याने त्या पहिल्या पायरीकडे बघितलं. इथे येणार कोण, तर दुखणाईत माणसं. जिना चढताना पाय डोळ्यांना विचारत नाहीत, मागच्या पायरीला विचारतात. एक पायरी जरी वेगळी निघाली तरी माणूस तोंडावर आपटतो, आणि उतरताना तर हमखास. त्याच्या डोळ्यांसमोर स्वतःची आई आली, कठड्याला धरून एकेक पाऊल टाकणारी.

"खाली घ्या," तो म्हणाला.

"काय?" मिस्त्री शिडीवरून.

"जिना खाली घ्या. चूक माझी आहे. मी मोजायला यायला हवं होतं, आलो नाही. सगळ्या पायऱ्या सोडवायच्या आणि नव्याने बसवायच्या."

सुपरवायझरने कपाळावर हात मारला. माणसांत कुजबूज झाली. दोन आठवड्यांची मेहनत होती ती, आणि कोणाच्या तरी तोंडून एक शिवी निघाली. लालपेनने ऐकली आणि म्हणाला, "बरोबर आहे." त्याने मिस्त्रीकडे टेप मागितला. स्वतःचा खणातच होता. मग शिडी चढून उंची डाव्या बाजूने मोजली, उजव्या बाजूने मोजली, मधोमध मोजली. तीन हजार सहाशे साठ. साठाला विसाने भागलं. प्रत्येक चढ तीन मिलिमीटरने वाढवायचा. तीनच मिलिमीटर, पण सगळ्यांना सारखे.

कारखान्यात येऊन त्याने बाईंना सगळं सांगितलं, काही न लपवता. नोकरी गेली असं धरूनच तो उभा होता. बाईंनी ऐकून घेतलं. हातावरचा एक ठिपका खाजवला.

"पट्टी का नाही घातलीत?"

"पायऱ्या सारख्या हव्यात."

"हं." त्या उठल्या. "मी पहिला जिना केला तो उलटा बसवला होता. कठडा भिंतीच्या बाजूला! ही माणसं अजून सांगतात. आता तुमचंही सांगतील, जन्मभर. सवय करून घ्या." आणि जाता जाता म्हणाल्या, "खण उघडा आणि तो टेप खिशात ठेवा."

त्याच संध्याकाळी मोठ्या साहेबांचा फोन आला. काय ती वेळ! दैवाला काही म्हणता काही कळत नाही. साहेब म्हणाले, "अरे, तू गेल्यापासून इथे चार ड्रॉइंगं चुकीची गेली. मी वर बोललोय. उपप्रमुख म्हणून ये. टेबल खिडकीपाशी. लगेच ये."

शेजारी बायको उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. ज्यासाठी चौदा वर्षं वाट बघितली ते हातात येऊन पडलं होतं, आणि तेही अशा दिवशी, की धावत जाऊन त्या जुन्या कोपऱ्यात लपावंसं वाटत होतं. तिथे कोणी शिवी दिली नसती.

"साहेब," तो म्हणाला, "खूप बरं वाटलं. पण मला यायला जमणार नाही. माझा एक जिना अर्धवट आहे."

"अरे, जिना कोणीही पूर्ण करील!"

"नाही साहेब. त्याच्यावर सही माझी आहे."

फोन ठेवल्यावर बायकोने त्याच्या खिशावरच्या लाल डागाकडे बघितलं. मग म्हणाली, "तो शर्ट काढा. धुवायला टाकते."

पुढचे नऊ दिवस तो शेडमध्येच होता. जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या तुळयांना वर जोड दिला, एकोणीस पायऱ्या सोडवल्या, घासल्या, पुन्हा लावल्या. तो प्रत्येक पायरीवर स्वतः टेप धरायचा. पाचव्या दिवशी, ज्याने शिवी दिली होती त्याने आपल्या डब्यातला घास न विचारता त्याच्या झाकणात काढून ठेवला. नवं ड्रॉइंग निघालं तेव्हा 'मंजूर'मध्ये सही करायला अर्धं मिनिटही लागलं नाही. जिना सज्ज्याला असा टेकला की मिस्त्रीने फटीत नख घालून बघितलं आणि नखही गेलं नाही. मग खाली उतरून त्याने लालपेनच्या खिशावरच्या डागावर एक टिचकी मारली.

दोन महिन्यांनी लालपेन आईला गुडघ्यासाठी त्याच दवाखान्यात घेऊन गेला. तिला त्याने काही सांगितलं नव्हतं. आई पुढे, तो दोन पायऱ्या मागे, हात तयार ठेवून. आई एका हाताने कठडा धरून चढत होती आणि चढताना अखंड बोलत होती: डॉक्टर कसले महाग, गोळ्या कशा कडू, सूनबाईंना दुकानातून स्वस्त आणता येत नाहीत का. एकदाही खाली बघितलं नाही. पाय आपोआप पडत होते, एकसारखे, एकामागून एक. लालपेनला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तो फक्त तिचे पाय बघत होता, आणि त्याचे डोळे असे भरून आले की चष्मा काढावा लागला.

वर पोचल्यावर आईने धापा टाकत मागे वळून बघितलं.

"वीस पायऱ्या! माझ्या गुडघ्याने मोजल्या."

"एकोणीस, आई. विसावं पाऊल मजल्यावर पडतं."

"तुला रे काय माहीत?"

"हा जिना मी केलाय."

आईने त्याच्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, कठड्यावरून हात फिरवला. मग पदराने कपाळावरचा घाम पुसत म्हणाली,

"मग मेल्या, जरा कमी नाही का करायच्यास!"